५०० डॉलरचं १९११ आणि ४००० डॉलरचं १९११: फरक नेमका कुठे बघायचा

१९११ या नावाचं पिस्तूल आज फिलिपीन्सपासून अमेरिकेतल्या आर्कान्सापर्यंत कितीतरी ठिकाणी बनतं. दुकानाच्या काचेआड ठेवलेली चार पिस्तुलं लांबून पाहिली तर एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसतात. किमतीची चिठ्ठी पाहिली की मात्र एक ५०० डॉलरला, दुसरं ९०० ला, तिसरं २००० ला आणि चौथं ४००० ला. नवा माणूस इथेच अडतो. महाग ते चांगलं असं धरून चालावं, की सगळा ब्रँडचा खेळ आहे असं म्हणून स्वस्तातलं उचलावं?

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत टूलरूमचं काम करतो; डाय, फिक्स्चर, गेज. या पिस्तुलाची मला ओढ लागली ती यंत्र म्हणून. अमेरिकेत स्थायिक झालेली भाचेमंडळी, एअर पिस्तूलवरून पुढे जाऊ पाहणारे इथले नेमबाज, मेकॅनिकलला शिकणारी पोरं, सगळे हाच प्रश्न विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. वरच्या वर्गात तुम्ही मुख्यतः फिटरच्या हाताचे तास विकत घेता. पिस्तूल न अडता चालेल की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि तो चार-पाच बारीक जागांवर ठरतो. त्या जागा बघायला शिका, मग नावं पाठ करा.

पहिली पायरी: कायदा

हे आधी, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया.

१९११ चं मूळ काडतूस .४५ एसीपी. ते रिमलेस, म्हणजे बुडाची कड बाहेर न आलेलं. भारतात .४५ रिमलेस काडतूस चालवणारं पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडतं, सर्वसामान्य नागरिकाला त्याचं लायसन्स मिळत नाही. ९ मिमी सर्व्हिस काडतुसाचंही तेच. नागपूर शहरात लायसन्सचा अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो, ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात; आणि तो मंजूर झाला तरी पिस्तूल म्हटलं की प्रत्यक्षात .३२ बोअर हाच आपला पर्याय. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका-पिस्तुलं आणि लायसन्सची मुदत ५ वर्षं. म्हणजे नागपुरात बसून खरं १९११ घ्यायचा विषयच नाही. "कुठून तरी जमवून देतो" असं कोणी म्हणालं तर त्या माणसापासून चार हात लांब राहा.

अमेरिकेतल्या आपल्या मुलांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगायला सरसकट मनाई आहे. राज्याचं वैध शिकार लायसन्स असणं हा एक अपवाद, आणखीही काही आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हेसुद्धा बाळगणंच ठरू शकतं. मित्रांसोबत शनिवारी सहज गेलो, फोटो टाकला, असं करून व्हिसा धोक्यात घालू नका. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, तरी आपल्या राज्याचा कायदा वकिलाकडून समजून घ्या.

आणि परतताना बॅगेत आठवण म्हणून काडतूस आणू नका, रिकामी पुंगळीही नको. विमानतळावर बॅग स्कॅन झाली की शस्त्र कायद्याची कलमं लागतात आणि सुट्टी पोलीस ठाण्यात जाते.

दुसरी पायरी: यंत्र समजून घ्या

जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन. अमेरिकी सैन्याने ते २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत ६००० गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल फार तापलं की पाण्यात बुडवून थंड करायचे आणि पुन्हा सुरू. ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडलं नाही. पुढे १९८५ मध्ये बेरेटाचं ९ मिमी येईपर्यंत हेच तिथल्या सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं.

चालतं कसं? खाली फ्रेम, वर स्लाइड, स्लाइडच्या आत बॅरल. बॅरलच्या पाठीवर दोन आडव्या कडा असतात, त्यांना लग म्हणतात. त्या स्लाइडच्या आतल्या खाचांत बसतात, त्यामुळे गोळी सुटताना बॅरल आणि स्लाइड एकमेकांना जखडलेले असतात. दोघं मिळून थोडंसं मागे सरकतात. तेवढ्यात बॅरलच्या बुडाशी असलेली छोटी झुलती कडी, म्हणजे लिंक, बॅरलचा मागचा भाग खाली ओढते, लग खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी ओढून काढतो, इजेक्टर तिला बाहेर फेकतो, आणि परत येताना स्लाइड मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या पोकळीत, ढकलते.

कामठीकडे सैन्यातून निवृत्त झालेले बरेच लोक राहतात, त्यांच्या हातून ९ मिमीचं सर्व्हिस पिस्तूल गेलेलं असतं. ईशापूरला बनलेलं ते पिस्तूल ब्राउनिंगच्याच नंतरच्या डिझाइनवर, हाय-पॉवरवर बेतलेलं आहे. त्यात झुलती कडी नाही, बॅरलखाली कापलेला पक्का कॅमच बॅरलला खाली आणतो. एक सुटा भाग कमी झाला. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहायला मिळाले तर १९११ चं मर्म लवकर कळतं: हे त्या काळातलं डिझाइन आहे, जेव्हा कुशल कारागिराचे तास स्वस्त होते आणि सुटे भाग जुळवून बसवणं हा उत्पादनाचाच भाग होता.

इथे एक गैरसमज दूर करतो. जुनं लष्करी १९११ हातात घेऊन हलवलं तर खुळखुळतं, आणि लोक म्हणतात की ते हलक्या दर्जाचं. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुलं कोल्टबरोबर टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने बनवली, रेल्वेची सिग्नल यंत्रणा बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने बनवली, इथाकाने बनवली, आणि शिलाई मशीनवाल्या सिंगरनेही ५०० नग बनवले. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात न घासता बसला पाहिजे, ही सैन्याची अट. त्यासाठी क्लिअरन्स, म्हणजे दोन भागांमधली फट, मुद्दाम मोकळा ठेवला होता. चिखल-वाळूतही चालावं हा त्याचा आणखी एक फायदा. घट्ट, रेशमासारखं सरकणारं १९११ ही नंतरची गोष्ट, लक्ष्यवेधाच्या स्पर्धा खेळणाऱ्यांनी आणि त्यांच्या गनस्मिथांनी आणलेली. आजच्या दर्जाच्या पायऱ्या या दोन टोकांमध्ये आहेत.

तिसरी पायरी: भाग कसा बनला ते ओळखा

जाहिरातीत तीन-चार शब्द सारखे भेटतात: फोर्ज्ड, बारस्टॉक, कास्ट आणि एमआयएम. इथे थोडं थांबतो, कारण सर्वांत जास्त अर्धवट ज्ञान इथेच फिरतं.

फोर्जिंगमध्ये तापलेल्या पोलादावर हॅमरचे ठोके देऊन ढोबळ आकार आणतात आणि मग मशीनिंग करतात. बारस्टॉक म्हणजे पोलादाच्या घन तुकड्यातून सगळं कापून काढणं. माल आणि वेळ दोन्ही जास्त जातात. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगमध्ये मेणाच्या आकाराभोवती सिरॅमिकचा साचा करून त्यात धातू ओततात. फोर्ज्ड म्हणजे उत्तम आणि कास्ट म्हणजे टाकाऊ, असं सरळ समीकरण लोक मांडतात. प्रत्यक्षात तुर्कस्तानातल्या ट्राबझोनची तिसास कंपनी फोर्ज्ड फ्रेमचं पिस्तूल सर्वांत खालच्या किमतीत विकते, आणि अमेरिकेच्या रुगरने २०११ मध्ये आणलेल्या एसआर१९११ ची फ्रेम कास्ट असूनही ते तिसासहून बरंच महाग आहे आणि उत्तम चालतं. चांगलं कास्टिंग आणि बरोबर हीट ट्रीटमेंट असेल तर फ्रेमचं आयुष्य तुमच्या खिशातल्या काडतुसांच्या पैशांपेक्षा जास्त असतं. फ्रेमवरून पायरी ठरवू नका.

एमआयएमचं मात्र समजून घ्यायला हवं. मेटल इंजेक्शन मोल्डिंगमध्ये धातूची अतिशय बारीक पूड प्लास्टिकसारख्या बाइंडरमध्ये मिसळून डायमध्ये दाबतात, मग बाइंडर काढून भाग भट्टीत भाजतात. भाजताना तो साधारण १५ ते २० टक्के आकसतो, आणि तेवढं गृहीत धरून डाय मोठी केलेली असते. डाय एकदा बसली की हजारो भाग एकसारखे आणि स्वस्त निघतात. अशा भागावर बहुतेकदा एक छोटी गोल खूण दिसते, पूड आत शिरल्याची किंवा इजेक्टर पिन टेकल्याची. भिंगातून शोधा, सापडते.

थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा सुरक्षा खटका) किंवा मॅगझिन कॅच एमआयएम असेल तर मला काही अडचण वाटत नाही. एक्स्ट्रॅक्टर एमआयएम असेल तर वाटते. १९११ चा मूळ एक्स्ट्रॅक्टर हा स्लाइडच्या आत बसणारा लांब भाग. त्याला वेगळी स्प्रिंग नाही, तो स्वतःच किंचित वाकवलेल्या अवस्थेत स्प्रिंगचं काम करतो आणि काडतुसाची कड धरून ठेवतो. दर गोळीला तो वाकतो आणि सरळ होतो. अशा जागी बारमधून कापलेलं, नीट टेम्पर दिलेलं स्प्रिंग स्टीलच हवं. हॅमर (मागचा घोडा) आणि सिअर (चढलेला हॅमर धरून ठेवणारा, ट्रिगर ओढला की सोडणारा छोटा भाग) यांच्या बाबतीत मी मधला आहे: कसून तपासणी करणाऱ्या कारखान्याचा एमआयएम सिअर वर्षानुवर्षं टिकतो, पण ट्रिगर हलका करून घ्यायचा असेल तर टूल स्टीलचा भाग बरा, कारण त्याची धार जास्त काळ टिकते.

चौथी पायरी: चार वर्ग

किमती अमेरिकेतल्या, साधारण, आणि बदलत्या.

खालचा वर्ग ४०० ते ६०० डॉलरचा. फिलिपीन्समध्ये मरिकिनाला आर्मस्कोर कंपनी रॉक आयलंड नावाने बनवते ती पिस्तुलं, आणि तुर्कस्तानातली तिसास, गिरसान. भाग सीएनसीवर बरेच अचूक निघतात आणि जवळपास जसेच्या तसे जोडले जातात. कडा हाताला टोचतील, आत कटरच्या खुणा दिसतील, ट्रिगर जड आणि थोडा खरखरीत असेल. पण गोळी सुटते, पुंगळी पडते, पुढचं काडतूस चढतं. नवशिक्याला यातूनच या डिझाइनची ओळख होते, आणि मी तरी यात काही कमीपणा मानत नाही.

७०० ते १२०० डॉलरमध्ये स्प्रिंगफील्ड, रुगर, कोल्ट वगैरे येतात. फिनिश नीट, साइट चांगल्या, ट्रिगर जरा स्वच्छ, आणि बिघाड झाल्यास कंपनीची सेवा घराजवळ. या वर्गात एमआयएम सर्रास असतं. कोल्टच्या बाबतीत नावाचे थोडे पैसे जातात, पण पुन्हा विकायला काढलं तर ते बऱ्यापैकी परतही येतात.

१८०० डॉलरच्या आसपास खरी उडी आहे, आणि सगळ्या यादीत मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी पायरी हीच. डॅन वेसन हे ठळक नाव. इथून हात लागायला सुरुवात होते: बॅरल त्या एका स्लाइडसाठी बसवलेलं असतं, स्लाइड-फ्रेम जोडी जुळवलेली असते, आतले महत्त्वाचे भाग बारमधून कापलेले असतात.

त्याच्या वर लेस बेअर, एड ब्राउन, विल्सन कॉम्बॅट, नाइटहॉक. २५०० पासून ४००० आणि पुढे. विल्सन १९७७ पासूनची, आर्कान्सातल्या बेरीव्हिलची. नाइटहॉक २००४ ची, त्याच गावची. नाइटहॉकमध्ये एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गनस्मिथ जोडतो आणि ग्रिपखाली आपली आद्याक्षरं ठोकतो. लेस बेअर ५० यार्डांवर सगळ्या गोळ्या ३ इंचांच्या गटात लागतील अशी हमी देतो, जादा पैसे दिले तर दीड इंचाची. त्याची पिस्तुलं नवीन असताना इतकी घट्ट असतात की पहिल्या ५०० गोळ्या रुळण्यासाठी द्या, असं तेच सांगतात.

हाताने फिट करणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला पटकन कळतं. बॅरलचा जुळता भाग मुद्दाम काही थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठा ठेवलेला असतो. त्यावर रंग लावायचा, स्लाइडमध्ये बसवायचं, काढायचं. जिथे रंग पुसला तिथे धातू लागतोय. तिथे बारीक कानस दोनदा फिरवायची, पुन्हा रंग, पुन्हा बसवायचं. डायच्या दोन अर्ध्या भागांचं ब्लू मॅचिंग आम्ही असंच करतो. हे तीन जागी करावं लागतं: बॅरलचं मागचं हूड (मागे वरच्या बाजूला आलेली जीभ), बॅरलच्या बुडाचे लग, आणि पुढे तोंडाशी बॅरलभोवती बसणारं कडं, म्हणजे बुशिंग. तिन्ही जागा जुळल्या की प्रत्येक गोळीनंतर बॅरल त्याच जागी परत येतं, आणि अचूकता म्हणजे शेवटी तेच. स्लाइड आणि फ्रेममधल्या प्लेकडे (ढिलेपणाकडे) नवे लोक फार लक्ष देतात, पण अचूकतेत त्याचा वाटा बॅरलच्या मानाने कमी आहे.

आणखी एक सांगायला हवं. वरच्या वर्गातले बरेच तास दिसण्यावर जातात. फ्रेमच्या पुढच्या पट्टीवर हाताने कापलेलं चेकरिंग (पकडीसाठी बारीक चौकटी खाचा), आरशासारखं ब्लूइंग (पोलादावरचं निळसर-काळं फिनिश), सगळ्या कडा गोलावलेल्या. ती कारागिरी मला मनापासून आवडते, तिच्यासमोर मी तासभर बसू शकतो. पण त्याने गोळी जास्त सरळ जात नाही, हे पैसे देणाऱ्याला माहीत असावं.

पाचवी पायरी: काउंटरवर तपासणी

दुकानदाराची परवानगी घ्या. मॅगझिन काढायला लावा, स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्या, त्याने केलं असलं तरी स्वतः पुन्हा. तोंड कायम सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. रिकाम्या चेंबरवर स्लाइड खाडकन सोडू नका. नीट जुळवलेल्या ट्रिगरच्या सिअरला तो मार लागतो आणि जाणता दुकानदार नाराज होतो. हाताने धरून हळू पुढे न्या.

स्लाइड बंद असताना पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून बॅरलचं हूड दिसतं. त्यावर अंगठ्याने खाली दाबा. बॅरल खाली दबलं तर लॉकअप, म्हणजे बॅरल आणि स्लाइडची जखडण, ढिला आहे. ५०० डॉलरच्या पिस्तुलात किंचित हालचाल मी चालवून घेईन, २००० च्या पिस्तुलात अजिबात नाही. मग तोंडाशी बुशिंगमध्ये बॅरल बोटाने डावी-उजवी हलवून पाहा. स्लाइड मागे रोखून आत बघा: फ्रेमवरचा उतार आणि बॅरलवरचा उतार यांच्यामध्ये बारीक फट हवी, इंचाच्या ३२ व्या भागाच्या आसपास. बॅरलची कड मागे फ्रेमच्या उतारावर आली असेल, तर काडतूस वर चढताना तिथेच ठेचकाळणार.

आता सेफ्टी. या तपासणीत किंमत बघायची नाही. ४००० च्या पिस्तुलालाही सूट नाही. हॅमर चढवा, थंब सेफ्टी लावा, ट्रिगर नेहमीपेक्षा थोडा जोरात दाबा आणि सोडा. आता सेफ्टी काढा. हॅमर पडता कामा नये. इथे बहुतेक लोक थांबतात. तुम्ही पिस्तूल कानाजवळ न्या, तोंड सुरक्षित दिशेला ठेवूनच, आणि हॅमर अंगठ्याने सावकाश किंचित मागे ओढा. आत अगदी बारीक "टिक" ऐकू आलं तर समजा की मघाशी सेफ्टी लागलेली असतानाही सिअर आपल्या जागेवरून थोडा सरकला होता आणि आता परत बसला. सेफ्टी नीट फिट केलेली नाही. काहीच आवाज नाही आला तर ठीक. हीच तपासणी मुठीच्या मागच्या ग्रिप सेफ्टीची: ती न दाबता ट्रिगर ओढायचा, सोडायचा आणि ऐकायचं. मग डिस्कनेक्टर, म्हणजे स्लाइड पूर्ण बंद नसताना ट्रिगरला तोडून ठेवणारा भाग: स्लाइड थोडी मागे ओढून धरा आणि ट्रिगर दाबा, हॅमर हलता कामा नये. यातलं एकही चुकलं तर पिस्तूल परत ठेवा. "गनस्मिथ पाच मिनिटांत करून देईल" या आश्वासनावर घेऊ नका.

ट्रिगर शेवटी. कारखान्यातून येतात त्या पिस्तुलांचा साधारण २ ते ३ किलोचा, कस्टमचा पावणेदोनच्या आसपास. वजनापेक्षा मी सरकण्यातली खरखर बघतो. १९११ चा ट्रिगर सरळ मागे जातो, बिजागरीवर फिरत नाही. त्याची ओळख यातच आहे. वाटेत अडखळत असेल तर पुढच्या पायरीचं पिस्तूल हातात घेऊन फरक अनुभवा, मग ठरवा.

लांबीबाबत एकच सांगणं: पहिलं १९११ पाच इंची बॅरलचंच. ब्राउनिंगने स्प्रिंग, स्लाइडचं वजन आणि वेळ हे सगळं त्या लांबीसाठी जुळवलं होतं. तीन इंची आखूड पिस्तुलात स्लाइडला मागे जाऊन परत यायला जागा आणि वेळ दोन्ही कमी, त्यामुळे ती जास्त नखरेल असतात.

सहावी पायरी: रेंजवर

नवीन पिस्तूल अडलं की माणूस लगेच कंपनीला नावं ठेवतो. आधी मॅगझिन बदला. १९११ चे निम्मे आजार मॅगझिनच्या ओठांत (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडांत) आणि स्प्रिंगमध्ये असतात, आणि स्वस्त वर्गातल्या पिस्तुलासोबत येणारं मॅगझिन हा बहुतेकदा त्यातला सर्वांत दुबळा भाग असतो. दोन-तीन चांगली मॅगझिनं घ्या, त्यांवर क्रमांक टाका. कोणतं मॅगझिन, कितवी गोळी, अडकलं कसं, हे वहीत लिहा. रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकली की एक्स्ट्रॅक्टरचा ताण किंवा इजेक्टर बघायचा. काडतूस तोंड वर करून अडकलं की मॅगझिन आणि उतार. एकाच मॅगझिनवर सगळ्या नोंदी आल्या की निदान झालं.

सुरुवातीला मूळ आकाराचं काडतूस वापरा: गोल नाकाची, पूर्ण आवरणाची, २३० ग्रेनची गोळी. पिस्तूल याच गोळीसाठी काढलं गेलं. त्याच्यावर सुरळीत चाललं की मग बाकीचे प्रकार.

आणि कानस घेऊन स्वतः काही करू नका. मी आयुष्यभर कानस चालवत आलोय म्हणून सांगतो: सिअरचा कोन किंचित चुकला तर हॅमर आपोआप पडू शकतो. ते काम परवानाधारक गनस्मिथचंच.

पैसे कुठे घालावेत

कोणी १५०० डॉलर घेऊन आला तर मी त्याला १५०० चं पिस्तूल सुचवणार नाही. ८०० च्या आसपासचं, वरची सगळी तपासणी पार केलेलं पाच इंची घ्या. बारमधून कापलेला एक्स्ट्रॅक्टर गनस्मिथकडून बसवून घ्या, मॅगझिनं घ्या, उरलेल्या पैशांची काडतुसं आणि प्रशिक्षण. हजारो गोळ्या झाडून झाल्यावर, आता पिस्तूलच आपल्याला मागे ओढतंय असं जाणवायला लागलं तर मधला पट्टा ओलांडून सरळ डॅन वेसनच्या पायरीवर जा. १२०० ते १६०० च्या पट्ट्यात बऱ्याचदा ८०० वालंच पिस्तूल नवीन रंग, नवीन ग्रिप आणि नवीन नाव घेऊन उभं असतं. ४००० चं घ्यायचं असेल तर कारागिरीवरच्या प्रेमासाठी घ्या, आणि ते प्रेम असेल तर पैसे सार्थकी लागतात.

नागपुरात .३२ घेणाऱ्यांसाठी

लायसन्स हातात आहे आणि परवानाधारक विक्रेत्याकडे .३२ बघताय, तर वरची बरीच तपासणी तिथेही चालते. चेंबर रिकामं असल्याची खात्री, सेफ्टी लावून ट्रिगर दाबणं, डिस्कनेक्टर, मॅगझिनचे ओठ, एक्स्ट्रॅक्टरच्या टोकाची धार, भिंगातून कटरच्या खुणा आणि बर (कडेला राहिलेले धातूचे बारीक काटे). अनेक .३२ पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात, त्यांत बॅरल फ्रेमला पक्कं असतं. तिथे लॉकअप आणि बुशिंगची तपासणी लागू होत नाही, पण बॅरल हातानेसुद्धा हलत असेल तर घेऊ नका. शहरात अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले फिटर भेटतात. एखादे काका ओळखीचे असतील तर खरेदीला त्यांना सोबत न्या. पृष्ठभागावरून बोट फिरवून ते जे सांगतील ते कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

ठेवण्याबाबत आपल्या हवेचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ पार जातो तेव्हा पातळ तेल लवकर वाळतं, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर दमट हवेत ब्लू केलेल्या पोलादावर गंज यायला वेळ लागत नाही. चामड्याच्या पाकिटात पिस्तूल ठेवू नका, चामडं ओल धरतं. कुलूपबंद पेटीत सिलिका जेल, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तेलाचा हात.